आजचं चिंतन : फाटलेला ढग आणि चारशे किलोमीटर (गीता ६.३७ ते ६.४०)



गेले काही आठवडे आपण रोज थोडा थोडा सहावा अध्याय वाचतोय. आज एकदम चार श्लोक घेतोय, कारण ते एकमेकांपासून तोडता येत नाहीत. पहिल्या तीनमध्ये अर्जुनाचा प्रश्न आहे आणि चौथ्यात उत्तराची सुरुवात. आजचं चिंतन नेहमीपेक्षा बरंच मोठं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मेट्रोमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये वाचून होणार नाही. रात्री निवांत वाचा.

मागचा धागा आठवतोय ना? अर्जुनाने तक्रार केली होती की मन वाऱ्यासारखं आहे, ते धरून ठेवणं मला जमेलसं वाटत नाही. भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले. आपण असतो तर इथे मान डोलावून वहीत लिहून घेतलं असतं आणि गप्प बसलो असतो. अर्जुन गप्प बसत नाही. तो विचारतो, समजा एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडले. तो निघाला, मध्येच मन ढळलं आणि पोचलाच नाही. त्याचं काय होतं? इकडचं सुख त्याने सोडलं, तिकडचंही हाती लागलं नाही. वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा तो मध्येच विरून जात नाही का? आणि मग म्हणतो, कृष्णा, ही शंका तुझ्याशिवाय कोणी फेडू शकणार नाही.

हा आळशी माणसाचा प्रश्न नाही, हे लक्षात घ्या. जो घरातून निघालाच नाही त्याला हा प्रश्न पडतच नाही. जो निघाला आणि पोचला, त्यालाही पडत नाही.

मागच्या आठवड्यात एका ताईचा मेसेज आला. जपाच्या ॲपवर तिची ९४ दिवसांची स्ट्रीक होती. आईला अचानक हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, त्या धावपळीत एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर आकडा शून्य. तिने लिहिलं होतं, "दादा, आई आता बरी आहे. पण तेव्हापासून माळ हातात घेतलेली नाही. घ्यावीशीच वाटत नाही."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. उत्तर माहीत होतं, श्लोक ४० समोरच होता. पण त्याच्या आदल्याच रविवारी मी स्वतः तोंड पाडून घरी आलो होतो, आणि जे स्वतःच्या गळ्याखाली उतरलेलं नाही ते दुसऱ्याला कसं सांगायचं? म्हणून आज आधी माझी गोष्ट.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी लांब पल्ल्याची सायकल चालवतो. त्यात 'बीआरएम' नावाचा प्रकार असतो. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर अशी अंतरं, आणि प्रत्येकाला वेळेची मर्यादा. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला २०, चारशेला २७, सहाशेला ४०. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का किंवा सही घ्यायची आणि वेळेत परत यायचं. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, भूक लागली तर स्वतः बघायचं. मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही. चारही अंतरं एकाच मोसमात पुरी केली की 'सुपर रँडोनियर' हा किताब मिळतो.

माझं दोनशे आणि तीनशे झालं होतं. जानेवारीत चारशे होती : पुण्यात नवले पुलाजवळून निघायचं, कात्रज, शिरवळ, खंबाटकी घाट, सातारा, कराड करत पेठ नाक्याला वळायचं आणि त्याच रस्त्याने परत. शनिवारी सकाळी सहाला सुरुवात, रविवारी सकाळी नऊपर्यंत परत.

आता कबुलीजबाब. याच अध्यायातल्या १६ आणि १७ या श्लोकांवर मी तुमच्यासाठी लिहिलं होतं, आठवतंय? फार खाणारा, अजिबात न खाणारा, फार झोपणारा, फार जागणारा, यांपैकी कोणालाच योग साधत नाही, सगळं माफक हवं. बऱ्याच जणांनी "दादा, अगदी मनातलं लिहिलंत" असं कळवलं होतं. ते लिहिणारा माणूस राईडच्या आधीच्या दोन रात्री ऑफिसच्या रिलीजमुळे मिळून सात तास झोपला होता. नाव मागे घेता आलं असतं. घेतलं नाही. डोक्यात एक फ्रेंच माणूस बसला होता. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी पहिली शर्यत झाली, साधारण १२०० किलोमीटरची. ती जिंकणारा शार्ल तेराँ ७१ तासांहून जास्त वेळ न झोपता सायकल चालवत राहिला होता. त्याच्यापुढे माझी एक रात्र म्हणजे काय, असा माझा हिशोब.

आणखी एक. नोव्हेंबरपासून जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारची पहाट सरावाला गेली होती. म्हणजे पहाटेचा पाठ गेला होता. तुम्हाला मात्र रोज सकाळी चिंतन मिळत होतं, कारण ते मी आदल्या रात्री लिहून ठेवत होतो. हँडलला तुळशीची माळ बांधली होती आणि तिचा फोटो स्टेटसला टाकला होता. आज ते सगळं आठवलं की हसूही येतं आणि लाजही वाटते.

जाताना मजेत गेलो. दोनशे किलोमीटर संपवून पेठ नाक्याला पोचलो तेव्हा पावणेसहा वाजले होते, म्हणजे हाताशी दीड तास जास्त होता. बरोबरचे काही पुढे निघून गेले, काही मागे राहिले. कराडला जेवलो, जरा जास्तच जेवलो, आणि नऊ वाजता एकटा बाहेर पडलो. सातारा ५५ किलोमीटर.

जानेवारीत त्या पट्ट्यात उसाचा हंगाम ऐन भरात असतो. हवेत मळीचा उग्र गोड वास, आणि रस्त्याच्या कडेने ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि स्पीकरवर फुल आवाजात गाणी. आवाज लांबून ऐकू येतो, ट्रॉली मात्र अगदी जवळ गेल्यावर दिसते. गाणं ऐकू आलं की वेग कमी करायचा, असा नियमच मी करून टाकला होता. (त्या गाण्यांची निवड हा वेगळा विषय आहे. एका वळणावर अस्सल भक्तिगीत लागलं होतं, त्याच्या मागच्या ट्रॉलीवर काय लागलं होतं ते इथे लिहीत नाही.)

रात्री सायकलवर माणसाला किती दिसतं माहीत आहे? दिव्याचा एक गोल. पंधरावीस मीटर, फार तर. दिवसा लांबचा चढ दिसतो आणि तो दिसूनच पाय दुखायला लागतात. रात्री तो दिसत नाही. गिअर जड व्हायला लागला की कळतं, चढ आला. पहिले दोन तास मला हे आवडलं होतं. मनात नाम चालू होतं, पायाची लय आणि नामाची लय एक झाली होती, आणि मला वाटलं, वा, यालाच म्हणत असावेत. स्वतःवर खूश होतो. तिथेच गडबड असते.

नागठाण्याच्या आसपास एक टपरी उघडी दिसली. सव्वाअकरा वाजले होते. हाताची शेवटची दोन बोटं तासाभरापासून बधिर होती, हँडलवर भार देऊन देऊन तिथली नस दाबली जाते. ग्लासही दोन्ही हातांनी धरावा लागला. टपरीवर सत्तरीच्या एक आजी होत्या, डोक्याला मफलर बांधलेल्या. ट्रॅक्टरवाल्यांसाठी रात्रभर उघडी ठेवतात म्हणाल्या. माझं चमकणारं जॅकेट आणि हेल्मेट त्यांनी खालीवर पाहिलं.

"कुठनं आलास रं लेकरा?"

"पुण्याहून, आजी. आता परत पुण्यालाच चाललोय."

"सायकलीवर? एवढ्या रातीचं?" जरा थांबून म्हणाल्या, "पैज लावलीस व्हय कुणासंगं?"

"नाही हो."

"मग नवस हाय?"

"नवस पण नाही."

"मग कशापायी?"

मला उत्तर सुचलं नाही. खरंच नाही सुचलं. फिटनेस म्हणावं तर त्यांना हसू आलं असतं. किताब म्हणावं तर मलाच. मी म्हटलं, "असंच." त्यांनी "बरं" म्हटलं आणि दुसरा चहा ओतला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

साताऱ्याला सही घेतली तेव्हा पाऊण वाजला होता. ती खूण बंद व्हायला जेमतेम अर्धा तास शिल्लक. म्हणजे संध्याकाळी दीड तास हाताशी असलेला माणूस आता काठावर आला होता. पुढे सुमारे ११० किलोमीटर आणि सव्वाआठ तास. कागदावर हे सोपं आहे, तासाला साडेतेरा. पण रात्री दोन ते पाच या वेळात शरीर कागद वाचत नाही. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं, झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. आणि मी जेवणानंतर नीट काही खाल्लं नव्हतं, कारण पोट जड होतं. आधी जास्त, मग काहीच नाही. श्लोक १६ मी अगदी दोन्ही बाजूंनी पाळून दाखवला म्हणायचा.

पाचवडच्या पुढे मला माणसं दिसायला लागली. मैलाचा दगड म्हणजे घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा. पुलाचा कठडा म्हणजे रांगेत उभी पोरं. मला कळत होतं की हे खरं नाही, आणि तरी मी एकाला वाट देण्यासाठी सायकल बाजूला घेतली. नाम केव्हाच बंद पडलं होतं. त्याच्या जागी एक आकडा फिरत होता, साडेतेरा, साडेतेरा, साडेतेरा.

मग मध्ये काहीतरी गाळल्यासारखं झालं. रस्ता होता, आणि नंतर रस्ता नव्हता. मी डांबराच्या कडेखाली खडीत आडवा होतो, सायकल माझ्यावर, आणि एक ट्रक लांब हॉर्न वाजवत अगदी शेजारून निघून गेला. दोनेक सेकंदांची झोप असणार. डाव्या बाजूला पडलो म्हणून हे लिहितोय. उजव्या बाजूला ट्रक होता.

कोपर सोलवटलं होतं, गुडघा थरथरत होता. आईचा चेहरा समोर आला. तिला मी "ग्रुपबरोबर आहे, काळजी करू नकोस" असं सांगून आलो होतो.

पुढे थोड्या अंतरावर पेट्रोल पंप होता. सायकल हातात धरून चालत गेलो. रात्रपाळीचे एक काका खुर्चीत चादर गुंडाळून बसले होते. म्हटलं, "काका, वीस मिनिटं पडू का इथे?"

"पडा की. तिकडं हवेच्या मशीनमागं पडा, वारं लागत न्हाई."

घड्याळात तीन वाजले होते. तीन वीसचा गजर लावला, मोबाईल डोक्याशी ठेवला आणि फरशीवर पडलो.

जाग आली तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. अंगावर काकांची चादर होती. मोबाईल थोडा लांब, कट्ट्यावर ठेवलेला. मी धडपडत उठलो आणि विचारलं, गजर वाजला नाही का?

"वाजला की. चारदा वाजला. लई गाढ झोपला हुता, उठवावं वाटंना. मग बंद करून टाकला."

मित्रांनो, त्या क्षणी मला त्या माणसाचा किती राग आला हे सांगू शकत नाही. थंडीत स्वतःची चादर मला घालून ते स्वेटरवर बसले होते, हे मला दिसत होतं. तरी राग आला. मी काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर सगळं असणार. चादर तिथेच फरशीवर टाकली, घडीसुद्धा घातली नाही. आभार मानले नाहीत. सायकल उचलली आणि निघालो. साधारण ८३ किलोमीटर राहिले होते आणि हातात पावणेचार तास. ताशी २२ चा वेग, त्यात खंबाटकीचा चढ, आणि ते पाय. मला हिशोब येतो. दोन किलोमीटर जाईपर्यंत कळलं होतं की संपलं.

मी थांबलो. सुरूर फाटा फार लांब नव्हता. तिथे पुण्याची एसटी मिळाली असती, किंवा कोणाला तरी फोन करून गाडी बोलावता आली असती. आता पुढे चालवण्याला काही अर्थ नव्हता. शिक्का मिळणार नाही, नाव यादीत येणार नाही, स्टेटसला टाकायला काही नाही. फाटलेला ढग म्हणजे हेच. शनिवारची पहाट दिली, झोप दिली, कातडं दिलं, पाठही दिला, आणि हातात काय? ना इकडचं, ना तिकडचं.

तरीही मी पुन्हा सायकलवर बसलो. आता काही जण म्हणतील, हीच ती जिद्द. तसं काही नव्हतं. फोन करायला लाज वाटत होती, एवढंच खरं कारण आहे. आणि दोन तास झोप झाल्यामुळे, हे मान्य करायला मला बराच वेळ लागला, डोकं पहिल्यांदाच शुद्धीवर होतं.

वेळ्याच्या पुढे बोगद्याआधीच्या चढावर उजाडलं. मी सर्वांत लहान गिअरवर होतो. घड्याळाकडे बघणं सुटलं होतं, कारण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की नाम चालू आहे. मी चालू केलं नव्हतं. रात्रीच्या पहिल्या दोन तासांत जे होतं ते मी करत होतो आणि करताना स्वतःकडे बघत होतो. हे वेगळं होतं, अगदी साधं, कोरडं, श्वासासारखं. त्यात आनंद वगैरे काही नव्हता. नाक वाहत होतं, कोपर ठणकत होतं. आणि त्याच वेळी काकांची चादर आठवली. फरशीवर टाकलेली.

नवले पुलाजवळ पोचलो तेव्हा दहा पन्नास झाले होते. एक तास पन्नास मिनिटं उशीर. वेळ नऊलाच संपली होती, तरी सही करणारा मुलगा एकटाच थांबला होता, कारण मी अजून रस्त्यावर होतो. त्याने चहा दिला, कोपर बघितलं, कार्ड हातात घेतलं आणि शेवटचा रकाना रिकामा ठेवून परत दिलं. "पुढच्या वेळी नक्की," म्हणाला. तो चुकला नाही. २७ तास म्हणजे २७ तास.

आता श्लोक ४० कडे येऊ. भगवंतांचं उत्तर थोडक्यात असं, अशा माणसाचा नाश इथेही होत नाही आणि पुढेही होत नाही, कल्याण करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही.

हे उत्तर फार पटकन गोड लागतं, म्हणून सावध राहायला हवं. मी पहिल्यांदा राईडनंतर हा श्लोक उघडला तेव्हा मला वाटलं, झालं, आपलं काम झालं. प्रयत्न महत्त्वाचा, फळ नाही, वगैरे. पण श्लोक तसं म्हणत नाही. जो पोचला नाही तो पोचला, असं भगवंत कुठेही म्हणत नाहीत. पुढच्या श्लोकांत ते सरळ सांगतात की त्याला पुन्हा यावं लागतं, पुन्हा झटावं लागतं. रिकामा रकाना रिकामाच राहतो.

दुसरी अडचण माझी स्वतःची. आश्वासन 'कल्याण करणाऱ्याला' आहे. मी त्या रात्री कोणतं कल्याण करत होतो? पैज नाही, नवस नाही, मग कशापायी? आजींनी दोन मिनिटांत जे विचारलं ते मी तीन महिन्यांत स्वतःला विचारलं नव्हतं. किताबासाठी सायकल चालवणं यात पाप नाही, खुशाल चालवावी. पण तिच्या हँडलला माळ बांधून तिला साधना म्हणायचं, आणि हरल्यावर गीतेकडून सांत्वन मागायचं, हे जरा जास्त होतं. हा श्लोक मला माझ्या सगळ्या चारशे किलोमीटरला लावता येत नाही. शेवटच्या ऐंशीला लावता येतो का? कदाचित काहीला. मला नक्की सांगता येत नाही.

पण या श्लोकात एक शब्द आहे, त्यापाशी मी बरेच दिवस अडकलो. उत्तर देताना भगवंत अर्जुनाला 'तात' म्हणतात. श्लोकाच्या सुरुवातीला नेहमीचं 'पार्थ' आहेच, पण पुढे ही हाक येते. संपूर्ण गीतेत ते त्याला या नावाने इथेच हाक मारतात. तात म्हणजे मुळात वडील, पण लाडाने मुलालाही म्हणतात. शंकराचार्य भाष्यात या शब्दापाशी मुद्दाम थांबतात आणि सांगतात की बापच पुत्ररूपाने पसरतो म्हणून पुत्रालाही तात म्हणायचं, आणि शिष्यही पुत्रासारखाच. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचं तर, "अरे बाळा."

म्हणजे अर्जुन विचारतो, न पोचलेल्याचं काय, आणि उत्तराच्या ओळीतच ही हाक येते. मी एखाद्या ज्युनिअरला असं उत्तर दिलं असतं का? मी आधी त्याला विचारलं असतं, का नाही पोचलास, झोप घेतली नव्हतीस का. तेही विचारायला हवंच, श्लोक १६ त्यासाठीच आहे. पण इथे ते आधी येत नाही. लेकरा, कुठनं आलास, असं आधी येतं.

आणि आता ताईच्या स्ट्रीकबद्दल. ॲपचा हिशोब असा असतो की एक दिवस चुकला की मागचे सगळे खोडायचे. ९४ अधिक एक चूक, बरोबर शून्य. ॲप बनवणारे माझ्यासारखेच लोक आहेत, त्यांना तुम्हाला रोज परत आणायचं असतं, म्हणून भीती घालावी लागते. गीतेचा हिशोब पुढे ४३ आणि ४४ मध्ये येतो, आपण शुक्रवार-शनिवारी पाहू. थोडं आधीच सांगतो. तिथे म्हटलंय की असा माणूस पुन्हा सुरू करतो तेव्हा आधी मिळवलेली बुद्धी त्याला परत मिळते, आणि पूर्वीचा अभ्यास त्याला जणू त्याच्या इच्छेविरुद्धही ओढून नेतो. मी बोगद्याआधीच्या चढावर जे अनुभवलं त्याला दुसरं नाव मला सुचत नाही. नोव्हेंबरपर्यंत रोज पहाटे केलेला पाठ मी सोडला होता. त्याने मला सोडलं नव्हतं.

ताई, तुझं उत्तर उशिरा देतोय, त्याबद्दल माफी. त्या एका दिवशी तू आईजवळ होतीस. त्याला चूक म्हणायचं की नाही हे मी ठरवणारा कोण, पण मला तरी ते 'कल्याण' माझ्या चारशे किलोमीटरपेक्षा कितीतरी खरं वाटतं. शक्य असेल तर ते ॲप काढून टाक. माळेत मणी १०८ असतात, आणि कालचा आकडा तिला माहीत नसतो. आज सगळी माळ नको वाटली तर अर्धी कर. अर्ध्यावर थांबलीस तर उद्या मला मेसेज करून सांग, रागावणार नाही.

मी काय केलं ते सांगतो. पुढच्या चारशेसाठी अजून नाव दिलेलं नाही. पहाटेचा पाठ चालू केलाय, शनिवार-रविवार धरून, आणि चिंतन आता पाठ झाल्यावरच लिहितो, म्हणून ते हल्ली तुम्हाला तासभर उशिरा मिळतं. आईला ट्रकचं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही.

आणि परवा पहाटे मित्राची गाडी घेऊन त्या पंपावर जाऊन आलो. काका नव्हते. दुसऱ्या मुलाने सांगितलं, गावी गेलेत, सोमवारी रात्रपाळीला येतील. नवी चादर नेली होती, ती त्याच्याकडे देऊन आलो. कोणी दिली म्हणून सांगू, असं त्याने विचारलं. म्हटलं, सायकलवाला, गजरवाला.

उद्या श्लोक ४१.

जय हरी.